लग्नपत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

मार्तंडरावांची मुलगी वैदेही दिवाळीच्या सुमारास मला म्हणाली, "काकू, बाबांच्या शब्दांचं लहानसं पुस्तक करतेय. सुरुवातीला त्यांच्याबद्दल दोन पानं तुम्ही लिहा. रोज दुपारी तुम्हीच तर बसता त्यांच्याजवळ."

मी हो म्हटलं. लिहायची मला सवय आहे. लग्न झाल्यापासून मी रोज वहीचं एक पान लिहिते. तिथी, स्वयंपाक काय केला, कोण येऊन गेलं, जपाच्या किती माळा झाल्या. पण एखाद्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे त्याच्याविषयी आपल्याला जे जे ठाऊक आहे ते लिहावं लागतं, हे हो म्हणताना ध्यानात आलं नाही. मला मार्तंडरावांविषयी एक गोष्ट अशी ठाऊक होती, जी त्यांनाही ठाऊक नव्हती. म्हणून हे दोन पानांत बसलं नाही.

नागपूरच्या महाल भागात, आमच्याच गल्लीत, आमच्या दारापासून तिसरं दार त्यांचं. वय चौऱ्याहत्तर. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. एका इंग्रजी पेपरच्या प्रेसमध्ये ते एकतीस वर्षं प्रूफरीडर होते. पेपर छापण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे काम. आमचे हेही त्याच प्रेसमध्ये मशीनवर होते. प्रेस बंद होऊन बावीस वर्षं झाली, मालक-मालकीणबाई दोघंही आता नाहीत, तेव्हा नाव लिहीत नाही.

नोकरी सुटली तरी मार्तंडरावांची चुका काढायची खोड सुटली नाही. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, देवळातली देणगीदारांची फरशी, सगळं वाचायचे आणि लाल पेनाकडे हात जायचा. आमच्या देवळाच्या फरशीवर एका गृहस्थांच्या नावाआधी चुकून 'कैलासवासी' कोरलं गेलं होतं आणि ते गृहस्थ तर रोज काकडआरतीला हजर. मार्तंडरावांनी पुजाऱ्याला सांगितलं, "एक तर फरशी बदला, नाही तर वाट पाहा."

त्यांचा दुसरा नाद शब्दांचा. गल्लीत कोणाकडे लग्न झालं की उरलेल्या पत्रिका त्यांच्याकडे जायच्या. पत्रिकेची कोरी पाठ कात्रीने कापून ते पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान कार्डं करत. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी शब्द, खाली त्याचा अर्थ आणि तो कुठून आला ते. कार्डं रबरबँड लावून संत्रा बर्फीच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेली. असे नऊ खोके होते. त्यातल्या आठांत सगळ्या प्रकारचे शब्द होते, नवव्यात एकाच प्रकारचे. दुसऱ्याची बातमी वर पोचवणाऱ्या माणसाला इंग्रजीत ज्या ज्या नावांनी हिणवतात, ती सगळी नावं.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली. डाव्या कोपऱ्यातून थोडं अंधुक दिसतं, तेवढंच. शाई उडत चालली होती, तेव्हा नववा खोका आधी उतरवून घ्यायचं त्यांनी ठरवलं. वैदेही कॉलेजात शिकवते, तिला दिवसा वेळ नाही. मला म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर सरळ आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा." तो खोका कशाचा आहे हे मला माहीत होतं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

तर जेवणं आटोपली की मी तीनच्या सुमारास जायची. वैदेही आदल्या रात्री जुनी कार्डं त्यांना वाचून दाखवी, ते दुपारी मला सांगत आणि मी नव्या कार्डावर मराठीत उतरवी.

"स्निच," ते म्हणत. "लिहून राहिल्या का? पहिले ह्याचा अर्थ होता नाकावर मारलेली टिचकी. मग नाकच. मग दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा. शेवटी लिहा, 'असं म्हणतात.'"

"दरवेळी 'असं म्हणतात' काहून लिहायचं, भाऊजी?"

"मी पाहिलं नाही ना. पुस्तकवाल्यांनीही पाहिलं नाही. ज्याचा पुरावा हातात नाही त्याच्यापुढे 'असं म्हणतात' लिहायचं. नाही तर तो आपला खोटेपणा झाला."

नार्क ह्या शब्दाला त्यांची कळी खुले. "हा तर आपल्याकडचाच निघाला. शेकडो वर्षांमागे काही लोक हिंदुस्थानातून निघाले, फिरत फिरत युरोपात गेले. त्यांच्या बोलीत नाकाला नाकच म्हणतात. तेच नाक इंग्रजांनी उचललं आणि पोलिसाच्या खबऱ्याला लावलं. असं म्हणतात."

ग्रास म्हणजे गवत, हे मला येत होतं. त्याचा चुगलीशी काय संबंध ते कळेना. ते म्हणाले, लंडनच्या गरीब वस्तीत एक बोलण्याची तऱ्हा होती, खरा शब्द न उच्चारता त्याला यमक जुळणारा दुसराच शब्द बोलायचा. पोलिसाला तिथे कॉपर म्हणत. त्याला जुळतो ग्रासहॉपर, म्हणजे नाकतोडा. पुढे अर्धा नाकतोडा गळला आणि नुसतं गवत राहिलं. रॅट कशावरून, तर जहाज बुडायला लागलं की उंदीर आधी पळतात म्हणून. कॅनरी हा पिवळा पिंजऱ्यातला पक्षी. पोलिसांपुढे गायला लागला की थांबत नाही. स्क्वीलर म्हणजे डुकरासारखा किंचाळणारा. फिंक असाही एक शब्द होता. त्या कार्डावर त्यांनी लिहायला लावलं, 'मूळ माहीत नाही.' मी म्हटलं, काही तरी लिहू की. तर म्हणाले, "माहीत नाही हीसुद्धा माहितीच आहे."

वैदेही एकदा लवकर आली होती, ती दारातूनच म्हणाली, "बाबा, लोकांचे वडील फुलांची, पक्ष्यांची नावं जमवतात."

"ह्यातही पक्षी आहेत की," ते म्हणाले. "कॅनरी आहे, कबूतर आहे. तुझ्या काकूला विचार."

मी आपल्याकडचे शब्द सांगितले. चुगलखोर, चहाडखोर, खबऱ्या, लावालावी करणारी. ते ऐकून ते म्हणाले, "बघा, आपण हे बायकांच्या नावावर लावलं, इंग्रजांनी जनावरांच्या. स्वतःच्या नावावर कोणीच लावलं नाही."

मी मान खाली घालून लिहीत होते. त्यांना दिसत नव्हतं, तरी मी मान खाली घातली होती.

आता हा नववा खोका त्यांनी का भरला ते सांगते.

एकोणनव्वद साली प्रेसमध्ये रात्रपाळीच्या माणसांना कायम करावं म्हणून भांडण चालू होतं. मशीनखात्याचे फोरमन नत्थूजी हे कामगारांचे पुढारी. मूळचे उमरेडचे, आवाज मोठा, मन मोकळं. त्यांनी असं ठरवलं की पंचवीस जानेवारीला संध्याकाळी कोणीही कामावर चढायचं नाही. सव्वीस तारखेचा अंक जाहिरातींनी जाड असतो. तो निघाला नाही की मालक बोलायला खाली येईल. ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, असं सगळ्यांनी कबूल केलं होतं.

पण पंचवीसला दुपारीच मालकाने बाहेरगावची माणसं मागच्या फाटकाने ट्रकमधून आत घेतली. पुढच्या फाटकाला पोलीस. मशीन वेळेवर सुरू झालं. अंक निघाला. सात जणांना कामावरून कायमचं काढलं, त्यात पहिलं नाव नत्थूजींचं.

कोणीतरी आधीच सांगितलं, हे उघड होतं. मार्तंडराव तेवीस तारखेला जाहिरातीचं प्रूफ घेऊन मालकाच्या केबिनमध्ये गेले होते आणि दार अर्धा तास बंद होतं. एका सोनाराच्या जाहिरातीत पत्ता चुकला होता, मालक फोनवर सोनाराशी बोलत होता आणि मार्तंडराव उभे होते. पण बाहेरच्यांना बंद दार दिसलं. खालच्या माणसांत इंग्रजी येणारे, मालकासमोर खुर्चीवर बसणारे ते एकटेच. फाटकावर सगळ्यांच्या देखत नत्थूजी त्यांना म्हणाले, "मार्तंडा, तूच सांगतलं गा." वरच्या मजल्यावरचा एक इंग्रजीवाला जिन्यात उभा होता, त्याने तेच इंग्रजीत म्हटलं. स्टूल पिजन. खाली कोणाला त्याचा अर्थ कळला नाही, तरी त्या दिवसापासून मशीनखात्यात मार्तंडरावांचं नाव पिजन पडलं.

मार्तंडराव त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी डिक्शनरी उघडली. चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका टेबलावर होती, तिच्या पाठीवर शब्द उतरवला. ते नवव्या खोक्यातलं पहिलं कार्ड.

त्यानंतर प्रेसमधलं कोणी त्यांच्या घरी आलं नाही. ते पुढे चौदा वर्षं त्याच प्रेसमध्ये गेले. डबा एकटे खात. आमचे हेसुद्धा त्यांच्या दारावरून मान फिरवून जायचे. वैदेहीच्या लग्नाला प्रेसच्या एकूण एक माणसाला पत्रिका गेली होती, एकही आला नाही. उरलेल्या पत्रिका त्यांनी कापल्या आणि कार्डं केली.

मार्तंडरावांनी सांगितलं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण सांगणारी मी होते.

मालकीणबाई दर संक्रांतीला प्रेसमधल्या सगळ्या कामगारांच्या बायकांना बंगल्यावर हळदीकुंकवाला बोलवत. नातेवाईक बायका सोफ्यावर, आम्ही खाली जाजमावर. वाणाला स्टीलची वस्तू ठरलेली. त्या वर्षी एकवीस जानेवारीला, शनिवारी, हळदीकुंकू होतं. प्रेमलतावहिनी, म्हणजे मार्तंडरावांच्या मंडळी, आल्या नव्हत्या, लहान वैदेहीला गोवर होता. मी सावनेरची, शेतकऱ्याची मुलगी, असा बंगला पहिल्यांदाच आतून पाहत होते. मालकीणबाईंनी मला हाताला धरून वर सोफ्यावर आपल्याजवळ बसवलं. माहेर कुठलं, घरी कापूस किती, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "सव्वीसला झेंडावंदनाला नेतो का नवरा? पंचवीसला तर रात्रभर काम असतं बिचाऱ्यांना."

मी म्हटलं, "यंदा नाही. पंचवीसले हे घरीच आहेत. सगळेच घरी राहणार आहेत. मी पुरण घालून राहिली."

त्यांनी मला अजून एक तिळाचा लाडू दिला.

ह्यांनी मला बजावलं होतं, कोणाजवळ बोलू नको म्हणून. मी ते विसरले नव्हते. पण जाजमावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मला त्या सोफ्यावर अजून थोडा वेळ बसायचं होतं आणि बोलायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

नुसता माझा संशय असता तर मी त्याच्यापुढे 'असं म्हणतात' लिहिलं असतं. पण रथसप्तमीला देवळात मालकीणबाई भेटल्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं झालं. ह्यांना वेळेवर माणसं मागवता आली." आमच्या ह्यांचं नाव त्या सातांत का नव्हतं, ते मी विचारलं नाही. आजपर्यंत मला ते माहीत नाही.

देवाला मी सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं आणि नंतर छत्तीस वर्षं रोज दिवा लावताना सांगितलं. देव पुढे कोणाला सांगत नाही, म्हणून ते मला जमलं. वाणाचा स्टीलचा डबा मी देवघरातच ठेवला, त्यात कापूर ठेवते. वाटायचं, देवाच्या कामी लागला म्हणजे फिटलं.

प्रेसच्या बायकांनी प्रेमलतावहिनींना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. त्या वर्षी बंगल्यावर आल्या नाहीत ना, त्यालाही बायकांनी अर्थ लावला. "नवराच आतून जाते, तिले काय वाणाची गरज?" मी मात्र दरवर्षी बोलवायची. एकदा ओटी घेताना त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच बोलावता वं, वच्छला. तुमचे उपकार आहेत." मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, मोठ्या म्हणून पडली. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून मार्तंडरावांना रोजचा भाजीचा डबा माझ्याकडून जातो. गल्लीत सगळे म्हणतात, वच्छलाबाईंनी शेजारधर्म सांभाळला.

तर यंदा देवदिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही खोक्याच्या शेवटापासून मागे येत येत पहिल्या कार्डापर्यंत पोचलो.

"हे स्टूल पिजन," मार्तंडराव म्हणाले. "लिहा. पूर्वी शिकारी एक कबूतर पकडून ठोकळ्याला बांधत. कधी कधी त्याचे डोळेही शिवत. ते फडफडलं की वरून जाणाऱ्या कबुतरांना वाटे, खाली दाणे आहेत. ती उतरत आणि जाळ्यात सापडत."

मी लिहीत होते. अर्ध्यात विचारलं, "पण भाऊजी, त्या बांधलेल्या कबुतराचा काय दोष? त्याला तर काही माहीतच नसेल."

"दोष नसेल. पण बाकीची तर पकडली गेलीच ना." माझं पेन थांबलेलं ऐकून म्हणाले, "काहून थांबल्या?"

मी म्हटलं, आलेच. घरी गेले. माळ्यावरच्या पेटीतून एकोणनव्वदची वही काढली, पदराने पुसली, परत आले आणि त्यांच्यासमोर उभ्यानेच वाचलं. "पौष पौर्णिमा, शनिवार. मालकीणबाईंकडे हळदीकुंकू. वाण स्टीलचा डबा. मला जवळ बसवलं. पंचवीसला सगळे घरी राहतील ते मी बोलले. दोन लाडू." मग सव्वीसचं पान. "आज लिहिण्यासारखं काही नाही." मग रथसप्तमीचं.

ते म्हणाले, "पहिली तिथी पुन्हा वाचा."

वाचली. ते बोटाने सदऱ्याच्या खिशातलं पेन चाचपत होते. मग म्हणाले, "मला काहून सांगून राहिल्या, वहिनी? मी नाही सांगितलं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा."

मी तिथंच उभी. मग ते म्हणाले, "प्रेमलताला सांगायला पाहिजे होतं. तिने मला कधी विचारलं नाही. पण तिला नक्की माहीत नव्हतं." आणि मग, "आज एवढंच."

दुसऱ्या दिवशी डबा पाठवला, तो न उघडताच परत आला. तिसऱ्या दिवशीही. वैदेही तो द्यायला आली होती. मी म्हटलं, "पुस्तकाचं दुसऱ्या कोणाला सांग." ती म्हणाली, "नाही. आता तर तुम्हीच लिहा." आणि आत न येता गेली.

ह्यांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. सकाळी पूजा झाल्यावर, चहा ठेवायच्या आधी. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. "म्हणजे मी चौदा वर्षं त्याच्या दारावरून मान फिरवून गेलो," म्हणाले, "आणि तू ओट्यावर उभी राहून बघत होती." मी म्हटलं, हो.  गुरुवारी मी उमरेडला जायला निघाले तेव्हा हे गणेशपेठच्या बसस्टँडपर्यंत आले, खिडकीची जागा धरून दिली. म्हटलं, चला ना. म्हणाले, "मला नत्थूसमोर उभं राहता यायचं नाही. त्याची नोकरी गेली, माझी राहिली." गाडी निघेपर्यंत खाली उभे होते.

नत्थूजींनी प्रेसमधून काढल्यावर उमरेडला सायकलचं दुकान टाकलं होतं. आता त्यांचे गुडघे गेलेत, दुकान बंद आहे. घरात लोखंडी खाटेवर बसले होते. मला पाहून आनंदले. "आवो वहिनी, कशा काय वाट चुकल्या? कौसल्या, चहा ठेव वं. आपल्या मशीनवाल्याची मंडळी आली नागपूरवरून."

कौसल्याबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी वही उघडली. वाचून झाल्यावर नत्थूजींनी कानावर हात धरला, मला वाटलं ऐकू आलं नाही.

"मार्तंड्यानं नाही सांगतलं?"

"नाही."

"तुमी?"

"हो."

"काय म्हणून?"

"मले जवळ बसवलं होतं त्यायनं," मी म्हटलं. "सोफ्यावर."

कौसल्याबाई खाली बसल्या. "अन् आमी इथं त्या माणसाले छत्तीस वर्षं शिव्या देऊन राहिलो. पोराच्या लग्नाची त्याची पत्रिका आली होती, हो ना जी? पोरीच्या. यायनं चुलीत टाकली."

नत्थूजी तिला म्हणाले, "तू थांब जरा." मग माझ्याकडे न पाहता, "फोन आहे का तुमच्यापाशी?"

मी वैदेहीचा नंबर लावून दिला. तिने फोन वडिलांच्या हातात दिला असावा. नत्थूजींनी दोन्ही हातांनी फोन धरला होता.

"मार्तंडा? नत्थू बोलून राहिलो गा. उमरेडवरून." पलीकडचं ऐकून म्हणाले, "हो. आल्या आहेत. बसल्या आहेत समोर." फोन दुसऱ्या कानाला लावला. "डोळ्याचं काय म्हणते डॉक्टर?... माझे गुडघे गेले. संडासले जाचं म्हणजे मोर्चा काढा लागते... जेवला का?... काय जेवला?" मग एकदम हसले. "तुले आठवते का, एका कॉमासाठी तू मशीन थांबवली होती. म्या तुले म्हटलं होतं, तुह्या कॉमात मालकाची गाडी अडकली." पुढे काही तरी ऐकत राहिले, मान हलवत. "म्या फाटकावर बोललो होतो ना," म्हणाले, "ते सगळ्यायसमोर बोललो होतो. आता सगळे कुठून आणू गा? चार जणं तर मेले."

फोन बंद कसा करायचा ते त्यांना सापडेना. मी हात पुढे केला तर त्यांनी तो माझ्या हातात न देता खाटेवर ठेवला.

"वहिनी," म्हणाले, "मी तुमाले काही बोलत नाही. बोललो तर थांबणार नाही."

मी उठले. कौसल्याबाई म्हणाल्या, "चहा घ्या वं. साय धरली त्याच्यावर." मी उभ्यानेच घेतला. त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी वैदेहीकडून निरोप आला, बाबा म्हणतात एक कार्ड राहिलंय. मी तीन वाजता गेले. मार्तंडरावांनी नेहमीसारखं विचारलं, "बसल्या का?" आणि सांगायला लागले. व्हिसलब्लोअर. शिट्टी वाजवणारा. आपल्या कचेरीत चाललेली चूक जो उघड सांगतो तो. पोलिसाच्या किंवा खेळातल्या पंचाच्या शिट्टीवरून आला, असं म्हणतात.

मी विचारलं, "हा एकच शब्द शिवीसारखा वाटत नाही."

"नाही. ह्याला मान आहे," ते म्हणाले. "शिट्टी वेळेवर वाजवली तर."

जेवढं कार्डावर जायचं होतं तेवढंच मी लिहिलं. डबा मी नेला नव्हता. निघताना ते म्हणाले, "उद्या वांग्याची भाजी असेल तर पाठवा. तिखट कमी."

नत्थूजींनी 'आता सगळे कुठून आणू' म्हटलं होतं, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांना जे जमणार नव्हतं ते थोडंफार ह्या पानांनी होईल, असं वाटलं. सातांतले तीन जण आहेत, बाकीच्यांची मुलं आहेत, जाजमावर बसलेल्या बायकांपैकी पाच-सहा जणी ह्याच भागात राहतात. पुस्तक त्यांच्या घरी पोचवायचं वैदेहीने कबूल केलं आहे. आमचे हे म्हणाले, पत्ते मी काढून देतो.

काल संध्याकाळी मी हे सगळं मार्तंडरावांना वाचून दाखवलं. वैदेही लाल पेन घेऊन बाजूला बसली होती. त्यांनी पाच चुका काढल्या. चार ऱ्हस्वदीर्घाच्या, त्या त्यांना नुसत्या ऐकून कशा कळल्या देव जाणे. पाचवी सोफ्याच्या प्रसंगात होती. तिथे मी लिहिलं होतं की लग्नाला वर्षच झालं होतं, मी लहान होते, मला काही कळत नव्हतं.

"हे वाक्य काढा," ते म्हणाले.

"खरं आहे ते, भाऊजी. बावीस वर्षांची होते."

"मग बावीस लिहा. पुढचं वाचणारा ठरवेल."

वैदेहीने ते वाक्य खोडलं आणि समासात खूण केली. ते आता ह्यात नाही. मी बावीस वर्षांची होते.

मी कागद गोळा करत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "मी नाही सांगितलं, हे जिथे आलं आहे तिथे पुढे 'असं म्हणतात' तर नाही ना लिहिलं?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

"पुन्हा एकदा बघून घ्या," ते म्हणाले. मी चष्मा लावून पुन्हा पहिल्या ओळीपासून बघितलं. ते डावा कान माझ्याकडे करून बसले होते. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"मग छापायला द्या."